तीनशे बहात्तर की तीनशे ब्याण्णव

आमचे मिस्त्री चाळीस वर्षं लोकांच्या घरात फरश्या बसवत आले आणि आमच्या घरात मात्र अजून सिमेंटचा कोबा. हे ऐकलं की लोक हसतात. पहिली काही वर्षं मीही हसायची, मग हसू यायचं बंद झालं. मिस्त्री म्हणजे माझे यजमान. सगळी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणते, मीही म्हणते, फक्त आधी ‘अहो’ लावते. मी शिवणकाम करते. पुढच्या खोलीत खिडकीखाली माझं मशीन आहे आणि लग्न झाल्यापासून ते तिथून तसूभर हललेलं नाही.

यंदा स्वयंपाकघरातला कोबा इतका तडकला की पाणी सांडलं तर ते पुसायच्या आधीच आत मुरायचं. मुलगी हट्टाला पेटली. म्हणाली, आता नाही तर कधीच नाही. मिस्त्रींनी राखाडी रंगाची टाइल पसंत केली, दोन फूट बाय दोन फूट, एका खोक्यात चार. दुकानदार ओळखीचा. त्यानं सांगितलं की या लॉटची शेवटची खोकी उरली आहेत, पुढच्या लॉटचा रंग थोडा वेगळा येईल, तेव्हा शनिवारी दुपारपर्यंत किती हवीत ते कळवा, तोवर थांबतो. म्हणजे काम एवढंच होतं. खोल्या मोजायच्या, लांबी-रुंदीचा गुणाकार करायचा, बेरीज करायची आणि आकडा कळवायचा. चौथीतलं पोर करेल. आणि त्या चौथीच्या गणितानं माझं डोकं पार भंजाळून टाकलं.

मला धाकधूक होती, ती का ते आधी सांगते. मिस्त्री उमेदीत होते तेव्हा नुसते उंबऱ्यात उभे राहायचे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नजर फिरवायचे आणि आकडा सांगून मोकळे व्हायचे. टेप लावायचे ते घरमालकाच्या समाधानासाठी. मधली पायरी कधी कागदावर लिहिली नाही. त्यांचे थोरले भाऊ, माझे मोठे दीर, तेही याच कामातले आणि असेच तरबेज. पण साठीनंतर त्यांचं बिनसलं. आधी हत्यारं हरवायला लागली, मग आकडे. एकदा तर एका घरात नसलेल्याच खोलीसाठी फरश्या घेऊन आले. शेवटी स्वतःच्याच दारात उभं राहून मला त्यांनी पत्ता विचारला होता. ते मी विसरलेले नाही. तेव्हापासून मिस्त्रींचा एकही आकडा चुकला की मी दोन दिवस त्यांच्यावर नजर ठेवते.

आणि गेल्या काही महिन्यांत लक्षणं काही बरी नव्हती. माझा कापडावर खुणा करायचा खडू फ्रिजमध्ये सापडला, दुधाच्या भांड्याशेजारी. घरात आम्ही दोघंच. मी नाही ठेवला, म्हणजे कुणी ठेवला? मी चांगलं फैलावर घेतलं त्यांना. त्यांनी खडू पुसून माझ्या मशीनवर ठेवला. मग एक दिवस दूध करपलं, भांड्याचा तळ काळा ठिक्कर. दारात गिऱ्हाईक आलं म्हणून मी बाहेर गेले होते, जाताना ‘दुधाकडे बघा’ म्हणून सांगून गेले होते. हे म्हणे, तू सांगितलंच नाहीस. मग समोरच्या बाईंच्या मुलीचा फ्रॉक. मी कापला तो भलत्याच मापाचा, कारण मापांच्या चिठ्ठ्या ह्यांनी इकडच्या तिकडे केलेल्या. बाईंसमोर मला मान खाली घालावी लागली. घरी येऊन मी काय काय बोलले ते आता सांगत नाही. ह्यांनी तेही निमूट ऐकून घेतलं.

मुलीच्या लक्षात आलं होतं. गेल्याच आठवड्यात फोनवर म्हणाली, आई, बुधवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे, आपण तिघंही जाऊ. कुणासाठी, ते मी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? उलट बरं वाटलं की मला एकटीलाच दिसत नाहीये.

शनिवारी सकाळी दहाला मुलगी आली. मी मनाशी ठरवलं होतं की हिच्यासमोरच ह्यांना मोजायला लावायचं. होऊ दे काय ती परीक्षा. टेपचं एक टोक मी धरलं, दुसरं त्यांनी. स्वयंपाकघर आठ बाय दहा, ऐंशी. आतली खोली दहा बाय बारा, एकशे वीस. मधला बोळ तीन बाय आठ, चोवीस. सगळं कसं चोख. माझा जीव भांड्यात पडला. मग पुढची खोली. बारा बाय चौदा, असं मीच मोठ्यानं वाचलं. मिस्त्री दाराआड गेले, तिथल्या भिंतीवर पेन्सिलीनं आकडा टिपला आणि म्हणाले, एकशे अठ्ठेचाळीस. एकूण तीनशे बहात्तर.

मी काही फार शिकलेली नाही, पण बाराचा पाढा मला झोपेतही येतो. बारा बारे एकशे चव्वेचाळीस, त्यात दोन बारा मिळवले की एकशे अडुसष्ट. एकशे अठ्ठेचाळीस कुठून आले? मी मुलीकडे बघितलं. ती बापाकडे बघत होती, मग माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, अहो, पुन्हा एकदा बघा बरं. त्यांनी एका शब्दानं कुरकुर केली नाही. पुन्हा टेप लावला, पुन्हा दाराआड गेले आणि पुन्हा एकशे अठ्ठेचाळीसच.

चाळीस वर्षं ज्या माणसानं तोंडी गुणाकार केले, त्याला बारा चौदा येईना. पण चेहऱ्यावर दाखवून चालणार नव्हतं. मी माझा शिवणाचा टेप काढला आणि म्हटलं, थांबा, मीच मोजते. गुडघे दुखत होते तरी साऱ्या घरभर रांगले, चारही जागा मोजल्या, मुलीला फोनवर गुणाकार करायला लावले. बेरीज आली चारशे अठरा.

आता काय बोलायचं? एकाचे तीनशे बहात्तर, दुसरीचे चारशे अठरा, घर तेवढंच. मुलीनं माझे आकडे बघितले आणि इतक्या वेळात पहिल्यांदा हसली. बारा फुटांचे मी बारा फूट चार इंच लिहिले होते, चौदाचे चौदा फूट चार इंच. सगळ्या मापांना चार-चार इंच जास्त. दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच मार्जिन धरलं होतं मी, कापडाला धरते तसं. हातच तो, सवयीनं चालला. मुलगी म्हणाली, भिंती काही पुढच्या वर्षी अंगानं भरणार नाहीत. मिस्त्रीसुद्धा हसले. मार्जिन काढून टाकलं तेव्हा बरोबर तीनशे ब्याण्णव आले. मुलीनं स्वतः मोजून बघितलं, तीनशे ब्याण्णव.

म्हणजे ह्यांचे वीस कमी. नेमके वीस. दोन्ही वेळा तेवढेच.

हे मला कळेना. माणूस चुकला तर एकदा दहानं चुकेल, एकदा तीसनं. दरवेळी वीसच कसे कमी पडतील? मी ह्यांच्या टेपवर संशय घेतला. त्याच्या टोकाची पत्र्याची आकडी सैल झालीये का बघितलं, माझ्या टेपला लावून बघितला, दोघे इंचाला इंच जुळत होते. मग वाटलं, उंबऱ्याची जागा सोडत असतील. पण उंबरा वीस फुटांचा नसतो. घरात खांब नाही, भिंतीतलं कपाट नाही. जिथे टाइल बसणार नाही अशी एक वीतही मला दिसेना. मी खोलीच्या मध्यभागी उभी राहून गोल फिरून बघत होते, जणू वीस फूट कुठेतरी कोपऱ्यात लपून बसले आहेत. मुलीला म्हटलं, तूच विचार बाबांना. ती म्हणाली, आई, जरा बस, पाणी पी. आपण शांतपणे बोलू. मला राग आला. चुकतोय बाप आणि शांत मी व्हायचं.

तेवढ्यात दुकानदाराचा फोन आला. किती खोकी ठेवू? फोन मिस्त्रींनी घेतला आणि सरळ सांगितलं, सत्तावीस.

मी तिथल्या तिथे बोटांवर हिशोब मांडला. हा हिशोब ह्यांनीच मला शिकवलेला. जागा जेवढी, तिचा दहावा हिस्सा तुटफुटीसाठी वर धरायचा. तीनशे बहात्तरचे होतात चारशे नऊ. एका खोक्यात सोळा फूट. म्हणजे सव्वीस खोकी रगड झाली. सत्तावीस लागतात ती माझ्या आकड्याला, तीनशे ब्याण्णवला. म्हणजे स्वतः म्हणायचं तीनशे बहात्तर आणि मागवायची माझ्या हिशोबाची खोकी? गुणाकार गेला होता, आता भागाकारही गेला. मला मोठे दीर आठवले आणि त्यांची ती नसलेली खोली. मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि रडले. चांगली रडले. ह्यांच्याशिवाय मला कोण आहे? मुलगी तिच्या घरी. एवढा शांत माणूस, उद्या मला दारात उभी करून पत्ता विचारायला लागला तर मी काय करायचं?

डोळे पुसून बाहेर आले. ठरवलं, आता ओरडायचं नाही, लहान मुलाला विचारावं तसं विचारायचं. म्हटलं, अहो, पुढची खोली शेवटची एकदा मोजता का?

मिस्त्रींनी टेप गुंडाळून खाली ठेवला.

“अगं, ही पाचवी वेळ,” ते म्हणाले.

मी म्हटलं, पाचवी कसली, आत्ता दोनदा मोजलीत, ही तिसरी. त्यांनी मुलीकडे बघितलं. मुलगी खाली बघायला लागली. मी म्हटलं, काय चाललंय तुमचं दोघांचं? मग मीच तरातरा जाऊन दार लोटलं आणि त्याच्यामागची भिंत बघितली. मी तिथे दोन आकडे शोधत होते. आकडे चार होते. एकाखाली एक, त्यांच्या त्या ठाशीव अक्षरात, एकशे अठ्ठेचाळीस, एकशे अठ्ठेचाळीस, एकशे अठ्ठेचाळीस, एकशे अठ्ठेचाळीस.

मुलगी हळूच म्हणाली की वरचे दोन ती यायच्या आधीचे आहेत. सकाळी चहा झाल्यावर मी एकदा मोजायला लावलं आणि अर्ध्या तासानं पुन्हा लावलं. बाबांनी तिला फोन करून सांगितलं होतं.

हे कसं शक्य आहे? सकाळी मी चहा केला, कपडे वाळत घातले, त्या हिरव्या पडद्याची शिलाई काढली. टेप हातात धरल्याचं मला आठवत नव्हतं. मी आवाज चढवला. म्हटलं, बारा चौदा किती होतात ते आधी सांगा, मग मला शिकवा. मिस्त्रींनी एकशे अडुसष्ट म्हणून सांगितलं, एका दमात, आणि शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला.

कटिंगचा खाकी कागद होता, मी फ्रॉकचे आकार काढते तो. त्यावर पेननं लिहिलं होतं: ‘मशीनची जागा सोडणे. ५ × ४ = २०. हलवायचं नाही म्हणजे नाही.’ खाली गुरुवारची तारीख. त्याखाली सही. अक्षर माझं होतं. पाचाला मी वरून आडवी रेघ देते, ती रेघसुद्धा होती.

मी तो कागद उलटा केला, परत सुलटा केला. गुरुवारी मी हा कागद लिहिला होता आणि मला तो आज पहिल्यांदा दिसत होता.

“मी काय म्हणाले होते?” मी विचारलं.

मिस्त्रींनी खाली ठेवलेला टेप उचलून हातात घेतला. मग म्हणाले, “मी म्हटलं होतं, दोन दिवस मशीन बाहेर काढू, फरशी झाली की परत लावू. तू रडायला लागलीस. म्हणालीस, एवढ्या एका जागी बसलं की मला सगळं आठवतं, ती जागा हलवू नका.”

मी खिडकीखाली बघितलं. मशीनच्या पायडलपुढे कोब्यावर दोन गुळगुळीत जागा पडल्या आहेत, माझ्या टाचांच्या. खुर्चीच्या चार पायांचे चार खळगे आहेत. ती जागा मला अगदी ओळखीची होती. बोललेलं मात्र काहीच आठवत नव्हतं. पुसट आठवतं असंही नाही. नाहीच.

मग बाकीचं एकेक डोक्यात यायला लागलं. खडू. खडू माझा, ह्यांनी तो कशाला हातात घ्यावा? दूध. फ्रॉक. ह्या माणसानं त्या सगळ्याची बोलणी स्वतःच्या अंगावर घेतली होती आणि मी त्याला घरभर बोलत सुटले होते. मी विचारलं, मला सांगितलं का नाहीत? ते म्हणाले की दादाची चूक कुणी दाखवली की दादा दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायचा, मला ते पुन्हा बघायचं नव्हतं. आणि सांगितलं नाही असंही नाही. मशीनचे वीस का सोडायचे, ते शुक्रवारी दोनदा सांगितलं होतं. तेव्हा मी ‘हो, बरोबर’ म्हणाले होते म्हणे.

“बुधवारचा डॉक्टर कुणासाठी आहे?” मी मुलीला विचारलं.

तिनं बाबांकडे बघितलं. उत्तर मिस्त्रींनीच दिलं. म्हणाले, “दोघंही दाखवून घेऊ. माझंही वय झालंय.”

मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली की मी खुर्चीत बसूनच घेतलं, मशीनपुढे. पाय आपोआप टाचांच्या जागी गेले. बराच वेळ तशीच बसले. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. सकाळपासून मी ह्यांच्यासाठी घाबरत होते, त्या घाबरण्यातली निम्मी मेहनत फुकट गेली असं काहीतरी वेडंवाकडं मनात आलं आणि हसूही आलं. मुलीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला तो मी ठेवू दिला.

एक गोष्ट मात्र अजून जुळत नव्हती. मी म्हटलं, मशीनची जागा सोडली तर सव्वीस पुरतात. मग सत्तावीस कशाला सांगितलीत?

मिस्त्री टेपशी चाळा करत होते. म्हणाले, “एक खोकं असू दे घरात. लॉट संपला की हा रंग परत मिळत नाही.”

मी पुढे विचारलं नाही. मी शिवणारी बाई आहे. चांगल्या कापडाचा एक तुकडा का राखून ठेवायचा ते मला कळतं. मी नसेन किंवा असून नसेन, मशीन कुणाला तरी देऊन टाकलेलं असेल, तेव्हा ह्या पाच बाय चारला तोच राखाडी रंग लागणार होता. त्यांनी तेही मोजून ठेवलं होतं.

मी उठले. त्यांच्या कानामागची पेन्सिल काढून घेतली आणि दाराआड गेले. त्या चार आकड्यांच्या खाली पाचवा आकडा मी लिहिला. बारा गुणिले चौदा, वजा मशीनचे वीस, एकशे अठ्ठेचाळीस, बरोबर आहे. खाली सही केली, तारीख घातली. मिस्त्रींना म्हटलं, उद्या मी पुन्हा मोजायला सांगितलं तर माझ्याशी वाद घालू नका आणि गप्पही बसू नका. हाताला धरून मला इथे आणा आणि हे दाखवा. ते बरं म्हणाले.

मग मी चहा करायला आत गेले. दूध गॅसवर ठेवलं, दारात येऊन ‘दुधाकडे बघा’ म्हणून मिस्त्रींना सांगितलं, आणि मुलीलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं.